उदेलालच्या मोटारीची घडी

गोंदियाच्या बाजारात शालीकराम घड्याळजीचं दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, पेटीवर काच आणि काचेमागे बसलेला शालीकराम. माणूस गुणी होता, पण त्याला एक खोड होती. कसलंही घड्याळ पुढ्यात आलं तरी 'हे मला जमणार नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नसत. 'पाहू' म्हणायचा आणि भिंग डोळ्याला लावायचा. एकदा का भिंग लागलं की मग समोर तहसीलदार उभा राहिला तरी त्याला दिसायचा नाही.

लढाईचे दिवस होते. ऐन जेठात, रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असताना, उदेलाल पटले गमछ्यात काहीतरी जड बांधून त्याच्या पेटीपुढे येऊन उभे राहिले. नागरा गावाच्या पुढे त्यांची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी. घरी धानाची कोठारं, दारात पाच-सहा जोड्या बैल आणि गोठ्याला लागून असलेल्या छपरात एक मोटार. ही मोटार त्यांच्या बापानं, विलायतेला परत चाललेल्या कोण्या साहेबाकडून घेतली होती. घेतल्यावर वर्षभर ती चालली, नंतर ढकलली गेली, आणि पुढे कोंबड्यांनी ती राहायला घेतली. पण उदेलालांसमोर कुणी तिला नावं ठेवली तर त्यांचा पारा चढायचा.

गमछा सुटला. आत तीन गोल वस्तू होत्या. यातली मोटारीची घडी कोणती ते सांगा आणि ती चालू करा, असं उदेलालांचं म्हणणं. बापानं ती काढून पेटाऱ्यात टाकली तेव्हा ते लहान होते, त्यामुळे नेमकं आठवत नव्हतं. तरी त्यांचा स्वतःचा कौल सगळ्यात मोठ्या, सगळ्यात चकचकीत वस्तूला होता. शालीकरामनं ती उलटसुलट पाहिली. तिला एकच काटा होता आणि आकडे शंभराच्या वर गेले होते. ती धानाच्या गिरणीतल्या बॉयलरची वाफ मोजायची तबकडी होती. आता हे मालगुजाराला तोंडावर कसं सांगायचं? शालीकरामनं एवढंच म्हटलं, की ही चीज भारी आहे, पण हिच्यावर चाललात तर तुमचे दिवसाचे शंभर तास होतील. उदेलाल क्षणभर गंभीर राहिले आणि मग पोट धरून हसले. तिथून दोघांचं जमलं.

दुसरी वस्तू साधं गजराचं घड्याळ निघाली. तिसरी मात्र शालीकरामनं हातात घेतली आणि खालीच ठेवली नाही. पितळी, वजनदार, आणि पाठ तिरपी कापलेली. भिंतीवर टांगायला कडी नाही, टेबलावर ठेवायला पाय नाहीत, खिशात मावणार नाही. कडेला तीन स्क्रूंची भोकं. तिरप्या फळीवर बसवली तरच हिचं तोंड सरळ माणसाकडे होणार, आणि तिरपी फळी असते मोटारीत, हाकणाऱ्याच्या पुढ्यात. तरी खात्री करायला तो दुसऱ्याच दिवशी उदेलालांच्या दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत बसून गावी गेला. कोंबड्या हाकलून फळी पुसली, तर लाकडावर एक गोल डाग होता, बाकी फळीपेक्षा गडद, आणि तीन भोकं. घडी डागावर ठेवली. भोकाला भोक मिळालं. उदेलालांच्या डोळ्यात पाणी आलं आणि त्यांनी ते धुळीच्या नावावर खपवलं.

घडी दुरुस्त का करायची, हे शालीकरामला तिथेच, मालकाच्या नकळत कळलं. उदेलालांची बायको सुंदरबाई पाणी घेऊन आली आणि भांडं पुढे करून तिथेच थांबली. त्यांची मुलगी राजकुमारी हिचं लग्न माघात ठरत होतं. पण मांडवात नवरीला हाताला धरून आणायचं ते मामानं, आणि मामाचं या घराशी बोलणंच बंद होतं. मामा म्हणजे सुंदरबाईचा थोरला भाऊ, लखनलाल, बालाघाटकडचा. आदल्या वर्षी दिवाळीत तो आला तेव्हा उदेलालांनी मोटारीला घडीसुद्धा आहे म्हणून सांगितलं, तसा तो छपरात डोकावला आणि पाचपन्नास माणसांपुढे त्यानं विचारलं, की भाऊजी, तुमच्या कोंबड्या त्या घडीत टाइम पाहूनच अंडी देतात का? सगळे हसले. उदेलाल हसले नाहीत. 'ते घडी चालंल त्याच दिवशी माह्या दारात पाय ठेवजो,' ते म्हणाले. लखनलालही काही कमी नव्हता. 'माह्या कानानं टिकटिक ऐकंन, तवाच ठेवीन,' असं म्हणून त्यानं गाडी जुंपली. तेव्हापासून दोघांपैकी एकही जण एक इंच सरकला नव्हता.

"मी कोनाले म्हनू?" सुंदरबाई म्हणाली. "नवऱ्याले म्हनलं तं तो मोटारीकडे बोट दाखवते, भावाले म्हनलं तं तो कानाकडे. आता तूच पाय बाबा. त्या मेल्या घडीवर माह्या पोरीचा मामा अडकला हाये."

शालीकरामचा जीव कळवळला. तो नेहमीसारखा 'पाहू' म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण बाईचा चेहरा पाहून तो भलतंच बोलून बसला.

"बाई, तुमचा भाऊ येनार. माहा शब्द हाये."

शब्द दिला, आणि घडी उघडली तेव्हा आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. चाकांवर गंज, काच फुटलेली, तबकडीवर उंदराची कृपा. शालीकरामनं सगळं सुटं केलं, एकेक चाक रॉकेलमध्ये बुडवून मोरपिसाच्या दांडीनं साफ केलं. काच म्हणून जुन्या टॉर्चची काच घासून बसवली. सगळं जागच्या जागी आलं, पण एक गोष्ट काही केल्या मिळेना. चावी द्यायची कुठून? मागे भोक नाही, बाजूला गुंडी नाही. त्यानं घडीला इतक्या बाजूंनी न्याहाळलं, की रुख्मिणी, त्याची बायको, म्हणाली, एवढं लग्नाच्या वेळी मले पाहिलं असतं तं बरं झालं असतं.

तिढा सोडवला तिनंच, तोही नकळत. पितळ काळं पडलंय म्हणून तिनं चिंच-राख घेतली आणि घरच्या गडव्याला घासतात तशी घडीची कड घासायला घेतली. जोर लागला तशी कड फिरली. कर्र कर्र करून फिरतच राहिली, आणि घडी तिच्या मांडीत टिकटिक करायला लागली. रुख्मिणीनं घाबरून ती फेकलीच असती. तेव्हा शालीकरामच्या डोक्यात प्रकाश पडला. हाकणाऱ्याच्या हातात जाडे मोजे, त्यानं बारीक चावी कशी फिरवायची? म्हणून अख्खी कडच चावी. एकदा दिली की आठवडाभर पाहायला नको. उदेलालांच्या बापाला हे कुणी सांगितलं नव्हतं. साहेब गेल्यावर आठवड्यानं घडी थांबली आणि बापानं साहेबाला शिव्या घालून ती पेटाऱ्यात टाकली. एवढी वर्षं ती बिचारी फक्त उपाशी होती.

राहिला तेलाचा प्रश्न. घड्याळाच्या तेलाची विलायती बाटली नागपूरहून यायची, ती लढाई लागल्यापासून बंद झाली होती. शालीकराम त्या उन्हाळ्यात घरचंच तेल वापरत होता. रुख्मिणीच्या माहेराहून टोरीचं तेल यायचं, मोहाच्या बियांचं. ते त्यानं मलमलीतून पुन्हापुन्हा गाळलं. उन्हाळ्यात ते इतकं पातळ आणि इतकं स्वच्छ निघालं, की विलायतवाल्यांच्या तोंडात मारावी. अर्ध्या बाजाराची घड्याळं त्यानं या तेलावर चालवली होती. तेच तेल त्यानं सुईच्या टोकानं मोटारीच्या घडीत घातलं. घडी अशी चालली की स्टेशनच्या घड्याळाशी मिळवून पाहा. उदेलाल येऊन ऐकून गेले, आणि लग्नापर्यंत ती तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले, आमच्याकडे उंदीर आहेत. बालाघाटला सांगावा गेला. तिकडून उत्तर आलं की लग्नाच्या दिवशी येतो, पण आधी कान लावून ऐकेन, नाही तर दारातूनच परत जाईन.

मग थंडी पडली. बाजारातली घड्याळं एकेक करून परत यायला लागली. लग्नं लावणाऱ्या जोशीबुवांचं खिशातलं घड्याळ सगळ्यात आधी आलं. सकाळी बंद, दुपारी चालू. शालीकरामनं गिऱ्हाइकांवरच ठपका ठेवला. नीट चावी देत नाही, थंडीत हात आखडतो, असं काहीबाही सांगितलं. पण मोटारीची घडी तर त्याच्या स्वतःच्या घरात होती, आणि तिला चावी तो स्वतः द्यायचा. तीही रोज पहाटे गप्प पडलेली सापडायची आणि ऊन चढलं की आपलीआप चालू व्हायची. त्यानं ती भर दुपारी उन्हात बसून उघडली. काही खोट नाही. झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बंद. त्यानं हात टेकले, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी घडी उपरण्यात गुंडाळून गावी निघाला.

गावात मांडव घातला होता. बांबू, जांभळाची पानं, मधोमध लाल रंगानं माखलेली मोटार. पेट्रोलचा थेंब मिळत नसल्यामुळे वरात निघताना मोटारीला बैल जुंपायचे ठरले होते, आणि उदेलालांना त्यात काहीच गैर वाटत नव्हतं. संध्याकाळी बायकांची दिव्यांची तयारी चालली होती. रॉकेल कंट्रोलमध्ये, म्हणून दिवे टोरीच्या तेलाचे. सुंदरबाईनं एका पोरीला हाक मारून सांगितलं, की तेलाची बाटली चुलीपाशी ठेव वो, थंडीनं गोठून गेलं हाये, पनतीत पडंना.

शालीकराम चहा पीत होता. त्याचा पेला तोंडापाशीच राहिला. त्याच्या घरीही दर थंडीत ती बाटली चुलीला पाठ लावून बसायची. तुपासारखं पांढरं, घट्ट झालेलं तेल त्यानं जन्मभर पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तरीही तेच तेल त्यानं अर्ध्या गोंदियाच्या घड्याळात भरलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आता घडी उघडून धुवायची, तर हत्यारं गोंदियात, आणि घालायला दुसरं तेल जगात नाही.

एकच उपाय होता. त्या रात्री शालीकराम घडी अंगातल्या बंडीच्या आत, पोटाशी धरून झोपला. पहाटे उठला तेव्हा ती टिकटिक करत होती. तशीच गरम गरम त्यानं ती मोटारीच्या फळीवर बसवली, स्क्रू आवळले आणि देवाचं नाव घेतलं.

मुहूर्त होता साडेआठचा. लढाईपायी सरकारनं सगळी घड्याळं एक तास पुढे करायला लावली होती. निम्मं गाव नव्या टाइमावर, निम्मं जुन्या, आणि वऱ्हाडी तर कोणत्या टाइमावर होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. जोशीबुवांचं घड्याळ शालीकरामच्या पेटीत, बंद. म्हणून उदेलालांनी आधीच जाहीर केलं होतं, की आज टाइम फक्त मोटारीच्या घडीचा. ते स्वतः घडीजवळ उभे राहिले. सुंदरबाई दारातून रस्त्याकडे पाहत होती. बालाघाटची गाडी मिलिटरीच्या गाड्यांपायी कधी येईल याचा नेम नव्हता. मामाच्या जागी उभं राहायला एक लांबचा चुलतभाऊ तयार ठेवला होता, आणि राजकुमारी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

धुकं दाट होतं. शालीकराम मोटारीच्या चाकापाशी, कान टवकारून बसला होता. टिकटिक आधी सावकाश झाली. मग अडखळली. साडेआठला थोडासाच वेळ बाकी असताना ती थांबली. जोशीबुवांनी विचारलं, किती झाले? उदेलालांनी वाकून पाहिलं आणि अजून वेळ आहे म्हणाले. थोड्या वेळानं बुवांनी पुन्हा विचारलं. अजून वेळ आहे. व्याही जांभया द्यायला लागले, नवरदेवाच्या बाशिंगाची फुलं मान टाकायला लागली, आणि घडीत मात्र अजून वेळच होता.

शालीकरामला राहवेना. पुढे जे होईल ते होवो, असं म्हणून तो उठला आणि मालगुजारांच्या कानाशी लागला.

"मालक, घडी—"

"गप रायजो, शालीकराम," उदेलाल ओठ न हलवता म्हणाले. "माह्या घडीत अजून टाइम झाला नाई."

आणि ते अंमळ सरकून उभे राहिले, की त्यांच्या पाठीमुळे तबकडी कुणाला दिसू नये. रस्त्याकडे तेही पाहत होते. शालीकराम पुन्हा खाली बसला. 'थांबा, माझा मेहुणा येऊ द्या' हे एवढेसे शब्द त्या माणसाला उच्चारता येत नव्हते. म्हणून त्यानं बंद घडीला पुढे केलं होतं.

शेवटी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. स्टेशनवरून भाड्यानं केलेल्या छकड्यातून लखनलाल उतरला. डोक्याला केशरी फेटा, खांद्यावर घोंगडी. बहिणीकडे पाहिलं नाही, भाचीकडे पाहिलं नाही, सरळ मोटारीकडे आला. उदेलाल बाजूला झाले. दुसरं काय करणार? बोलणं तसंच ठरलं होतं. लखनलालनं वाकून घडीला कान लावला.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. समोर दारात सुंदरबाई दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती आणि तिच्या खांद्याआडून हळदीनं पिवळी झालेली राजकुमारी डोकावत होती. लखनलालची नजर तिकडे गेली. भाचीला त्यानं खांद्यावर बसवून मेळे दाखवले होते. तो सरळ उभा राहिला आणि मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"चालून राहिली, भाऊजी. मस्त चालून राहिली."

उदेलालांनी मेहुण्याचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मग जोशीबुवांना म्हणाले, की झाला टाइम, धरा अंतरपाट. लखनलाल भाचीला आणायला धावला, म्हणजे त्याच्या वयाला झेपेल तेवढा धावला. सुंदरबाई रडत होती आणि रडता रडता पोरीबाळींना अक्षता वाटत होती. अर्ध्या अक्षता तिनं स्वतःच्याच पायावर सांडल्या.

मंगलाष्टकं चालू असताना धुकं फाटलं आणि ऊन कोठाराच्या छपरावरून मोटारीवर आलं. वाजंत्री इतकी जोरात होती, की घडी पुन्हा चालू झाली ते एकट्या शालीकरामला कळलं, तेही काटा हललेला पाहून.

जेवणं झाल्यावर लखनलाल पान चघळत त्याच्याजवळ आला, शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, की सकारी मी कान लावला तवा तुमची घडी बंद होती गा. शालीकराम हात जोडायला लागला, तसे लखनलालनं ते खाली केले. "भाऊजीले मालूम नाई ते," तो म्हणाला. "भोरा मानूस हाये. त्याले वाटते चालूच होती. सांगजो नको, त्याच्या मनाले लागंल."

शालीकरामनं शब्द दिला. निघायच्या वेळी उदेलाल त्याला पोचवायला वेशीपर्यंत आले. गाडीवान जरा लांब आहे हे पाहून ते खालच्या आवाजात म्हणाले,

"लखनलालचे कान गेले वाटते, शालीकराम. बंद घडीले कान लावला आन् म्हने चालून राहिली. मी काई बोललो नाई. तुमीही सांगजो नको. आता म्हातारा झाला बिचारा."

शालीकरामनं त्यांनाही शब्द दिला, आणि दोन्ही शब्द पाळले. घरी आल्यावर फक्त रुख्मिणीला सांगितलं, सगळं, तेलाच्या बाटलीसकट. ती चुलीपुढे बसून इतकी हसली की शेजारची प्रेमिला काय झालं म्हणून विचारायला आली. मग शालीकरामनं डोळ्याला भिंग लावलं आणि जोशीबुवांचं घड्याळ धुवायला घेतलं.